माळ लांबते

सकाळी ७, जालना. राऊंड मंठ्याच्या मावशींपासून. आज त्यांचं ऑपरेशन. दहा दिवसांपूर्वी छत्रपती संभाजीनगरला पित्तनलिकेत स्टेंट टाकून आणला, तेव्हापासून डोळ्यांचा पिवळेपणा ओसरतोय. व्हिटॅमिन केची इंजेक्शनं झाली, रक्त गोठण्याचा रिपोर्टही बरा आला. गळ्यात काविळीची माळ अजून आहेच. ओटीत चालत नाही म्हटल्यावर ती नाइलाजानं सुनेच्या हाती गेली.

८.३०. मंठ्यातल्या पहिल्या सोनोग्राफीतच शंका आली होती. खडा मुख्य नळीत नव्हता. पित्ताशयाच्या मानेत रुतून शेजारच्या यकृताच्या नळीला दाबत होता. दाबाच्या वर नळी फुगलेली, खाली सडपातळ. एमआरसीपीत तेच दिसलं. अर्जेंटिनातल्या कोर्दोबाचे सर्जन पाब्लो मिरिझी यांनी १९४८ साली हे वर्णिलं, म्हणून मिरिझी सिंड्रोम. ऑपरेशन चालू असताना पित्तनलिकेचा एक्स-रे काढायची पद्धतही त्यांचीच, १९३१ची.

९.१५. दुर्बीण आत. नळ्या ओळखायची नेहमीची जागा सगळी चिकटून एक झालेली. अशा वेळी हट्ट नडतो: पित्ताशय समूळ सोडवायला जावं, तर मुख्य नळीच कापली जाते. म्हणून तळाकडून पित्ताशय उघडलं, आतून खडा सैल केला. तो हलला आणि मागून पित्त आलं. भोकातून स्टेंट दिसत होता! खड्यानं नळी पोखरली होती. लगेच पोट उघडलं. त्यात कमीपणा कसला? भोक नळीच्या परिघाच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान होतं, म्हणून पित्ताशयाच्या भिंतीचा तुकडा राखून त्यानंच ते शिवलं. उरलेलं पित्ताशय बायोप्सीला. अशा ठिकाणी कधीकधी कर्करोगही दडलेला असतो.

१२.३०. बाहेर मुलगा. "माय बरी हाय ना?" मग बाटलीतला बोराएवढा खडा उजेडात धरून बघत राहिला.

३.००. वाटूर फाट्यावर चहा, पुढे मंठ्याची ओपीडी. मूळव्याध, हर्निया, गळवं.

५.४०. शेवटचा पेशंट, साठीचे बाबा. डोळे हळदीसारखे, हातांवर खाजवल्याचे ओरखडे. पुनर्नव्याच्या काड्यांची माळ पार कमरेपर्यंत.

"एवढी उतरली साहेब. म्हंजी कावीळ बी उतरली ना?"

काड्या सुकून आक्रसतात, दोऱ्याचे फास सैल होतात, माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. मला माळेचा राग नाही, तिच्यापायी गेलेल्या आठवड्यांचा आहे.

"बाबा, संडासचा रंग कसा?"

"पांढरा. मातीवानी."

"लघवी?"

"गडद पिवळी."

"माळ बाजूला करा. इथं झोपा, सोनोग्राफी करू."

बाबांनी माळ काढली, दोनदा गुंडाळली आणि उशाशी ठेवली.