नऊवारीची वाकळ

अक्कांच्या घरात कात्री आहे, पण लुगड्याला त्या ती लावत नाहीत. काठाशी दातांनी एक खाच पाडायची, दोन्ही टोकं दोन हातांत घट्ट धरायची आणि टरकावायचं. सुती कापड धाग्याच्या ओळीत सरळ फाटत जातं, कात्रीची रेघ मात्र हात जरा हलला की वाकडी. शिवाय टरकावताना कापडाची परीक्षाही होते. मध्येच ते भलतीकडे फाटायला लागलं, तर तिथला धागा कुजला आहे असं समजायचं आणि तो तुकडा पोटात घालायचा, म्हणजे वाकळीच्या आतल्या थरात. वरच्या पदरात फक्त शाबूत कापड.

आमच्याकडे, सांगली-कोल्हापूरच्या बाजूला, वाकळ म्हणतात. पुण्या-नाशकाकडे तीच गोधडी होते आणि कर्नाटकाची हद्द ओलांडली की कौदी. तान्ह्या बाळाचं ते दुपटं. अक्का चाळीस वर्षं वाकळा शिवतात. आधी घरच्या, मग भावकीच्या, जावेच्या, लेकीच्या सासरच्या. पैसे घेऊन शिवायला लागल्या त्याला दहाएक वर्षं झाली असतील. पैसे मागताना त्या अजूनही दुसरीकडे बघतात.

नऊवारी हे वाकळीचं मूळ माप आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येकी सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच. पन्हा साधारण ४५ इंच. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की ९० इंच रुंदी मिळते. असे दोन जोड झाले, एक वरचा आणि एक खालचा. एका लुगड्यात दोघांच्या पांघरुणाची दोन्ही अंगं निघतात, चिंधीसुद्धा वाया जात नाही. मधल्या पोटात जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, परकराचे घेर. चार थर घातले तर उन्हाळ्याची, सात-आठ घातले तर थंडीची. त्याहून जास्त घातले तर सुई रडते, असं अक्का म्हणतात.

आता टाक्यांचा हिशोब. दोन ओळींत बोटभर अंतर, म्हणजे पाऊण इंच धरू. ८१ गुणिले ९० इंचांच्या वाकळीत सगळ्या ओळी सरळ करून एकापुढे एक मांडल्या तर अडीचशे मीटरच्या आसपास धावदोरा होतो. इंचाला तीन टाके धरले तर सुमारे २९ हजार टाके. दोरा दुपदरी, म्हणजे निदान पाचशे मीटर. हा हिशोब मी अक्कांना वाचून दाखवला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मोजत बसली असतीस तर एक बी झाली नसती बघ."

शिवण कडेपासून सुरू होते. चारी बाजूंनी एक फेरा, मग त्याच्या आत दुसरा, कोपऱ्यात काटकोनात वळत वळत मध्यापर्यंत. थर एकमेकांवर कितीही नीट अंथरा, कुठेतरी ढील राहतेच. कड आधी बांधली गेल्यामुळे ती ढील बाहेर जाऊ शकत नाही, ती आत आत सरकत जाते. आणि शेवटी मधोमध वीतभर चौकोन उरतो तेव्हा सगळी तिथे गोळा होऊन फुगा येतो. नवशिक्या बाईची वाकळ या फुग्यावरून ओळखावी. त्यावर उपाय एकच, डावा हात. उजवा हात सुई घालतो ते कुणालाही दिसतं; डावा तळवा खालून-वरून कापड चाचपत, प्रत्येक ओळीत ती ढील थोडी थोडी जिरवत चाललेला असतो. सुईवर पाच-सहा टाके गोळा करायचे आणि एकदम दोरा ओढायचा, तोही तटतटून नाही. दोऱ्याला आधी मेणबत्तीचा तुकडा चोळलेला असतो. सुई रेटायला शिंप्याचं अंगुस्तान अक्कांकडे नाही, बोटाला चिंधी गुंडाळलेली असते.

दोरा सैलसर ओढल्यामुळे दोन ओळींमध्ये बारीक सुरकुत्या उठतात. त्या सुरकुत्यांत आणि थराथरांत हवा अडकते. वाकळीची ऊब असते ती या हवेची. मशीनची शिवण वरखाली दोन दोऱ्यांनी थर गच्च दाबून टाकते. दिसायला ती सुबक, पण अंगावर घेतली की पुठ्ठा. यंत्राबद्दल माझा आकस नाही, पण हे मी अंगावर घेऊन सांगते आहे. आणि धुण्याच्या मशीनबद्दलही सांगून टाकते: पुण्यात असताना आजीची वाकळ मी त्यात घातली होती. पाणी पिऊन ती इतकी जड झाली की ड्रम फिरेना, दार उघडेना. घट बसायच्या आधी नदीवर वाकळा धुवायला दोन-दोन बायका का जात, हे मला त्या दिवशी कळलं. पिळायलाच दोघी लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

वाकळीचा कच्चा माल म्हणजे जुनेपण. नव्या कापडाची शिवून बघा, खळ लागलेलं ते कापड अंगाला ओळख देत नाही. शेकडो वेळा धुतलेलं, दगडावर आपटलेलं, उन्हात वाळलेलं सुती लुगडंच हवं, आणि ते तयार व्हायला एका बाईची निदान चार-पाच वर्षं लागतात. फाटलं की मधला विरलेला भाग काढून दंड घालायचा, पुन्हा नेसायचं. मग परकर, मग बाळाची लंगोटी, आणि उरलेलं सगळं वाकळीत.

या साखळीला पहिला सुरुंग लावला तो बोहारणीने. स्टीलची पातेली डोक्यावर घेऊन ती दारात यायची, दोन साड्यांवर वाटी, सहा साड्यांवर डबा. आमच्या आईच्या फळीवरचं अर्धं स्टील असं आलेलं आहे. त्यात किती वाकळा गेल्या कोण जाणे. दुसरा सुरुंग नायलॉन आणि टेरिकॉटचा. त्या साड्या विरत नाहीत, घाम पीत नाहीत, सरळ टरकत नाहीत, आणि सुईखाली थर सटकतात. मग सोलापुरी चादर होतीच, पुढे गुबगुबीत ब्लँकेटं आली. आता तर आपण कपडा फाटेपर्यंत वापरतच नाही. शिवणारे हात अजून आहेत, पण तसं कापड तयार करणारं नेसणं संपलं.

वाकळीला आपण गरिबीची खूण मानत आलो. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) तीच खूण अंगावर घातली. ठिगळांच्या वेषामुळे लोक त्यांना गोधडेबाबा, चिंधेबाबा म्हणत. त्यांच्यापुढे हात जोडणारे लोकच, पाहुणे आले की घरातली गोधडी मात्र पलंगाखाली सरकवत. तिची कदर झाली ती बाहेर. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी देखणं पुस्तक केलं, ते छापलं फ्रान्समधल्या प्रकाशकाने. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळकडे सिद्दी समाजाच्या बायका अशाच कडेपासून आत शिवत जातात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आफ्रिकी. आपल्याकडे बहुधा आधी थर टाचून घेतात. सिद्दी बायका ठिगळं एकेक करून लावत, त्यासोबतच सगळे थर शिवत पुढे सरकतात. चारी कोपऱ्यांवर तुकड्यांची घडी घातलेलं फूल हवंच, त्यावाचून ते पांघरूण त्यांच्या लेखी उघडं-नागडं. हेन्री ड्रूअल नावाच्या अमेरिकी कला-इतिहासकाराने त्यांच्यासोबत काम केलं आणि ती पांघरुणं अमेरिकेत प्रदर्शनांतून भिंतीवर लागली.

अक्कांकडे गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची येतात. दुपटी हवी असणारी, आणि पिशवी घेऊन येणारी. पिशवीत गेलेल्या माणसाची लुगडी किंवा साड्या असतात. गेल्या वैशाखात पुण्याहून एक बाई आल्या होत्या, आईची पाच लुगडी घेऊन. दोन इरकली, तांबड्या पदराची. "कापू नका हं," त्या पहिल्याच वाक्यात म्हणाल्या. अक्कांनी लुगडं उलगडून उजेडापुढे धरलं. नेसताना गुडघ्यावर येतो तो भाग चाळणीसारखा झाला होता. "गुडघे दुखत व्हते का त्यांचे? हात लई फिरलाय हितं." बाई गप्प झाल्या. मग मान हलवली. अक्कांनी दातांनी खाच पाडली.

महिन्याने त्या न्यायला आल्या. वाकळ चारी कडांनी काळा गोट लावून तयार होती. काळा अशासाठी की तोंडाशी येणारी कड लवकर मळते. चाळण झालेला भाग पोटात, इरकली पदर उशाकडे. बाईंनी पर्स उघडली, तशा अक्का म्हणाल्या, "आधी झोपून बघा."

"म्हणजे?"

"फुगा डोळ्याला दिसत न्हाई. पाठीला कळतो."

ही त्यांची शेवटची तपासणी. स्वतः त्या आदल्या रात्री झोपून बघतातच, पण गिऱ्हाइकालाही सोडत नाहीत. सोप्यातल्या बाजेवर वाकळ अंथरली होती. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. बाईंनी चपला काढल्या, घड्याळ काढून उशाशी ठेवलं आणि आडव्या झाल्या.

"टोचतंय कुठं?"

उत्तर आलं नाही. अक्का थोडा वेळ थांबल्या, मग चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, गाडीवाल्याला बी आत बोलीव, येळ लागंल.