हलते जग आणि मुलांची नजर

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीत समुद्राकाठी वाढणाऱ्या मुलाभोवती दिवसभर काही ना काही हलत असते: लाटा, नांगरलेल्या होड्या, माडाच्या झावळ्या आणि आता रस्त्यावरून येणारी पर्यटकांची वाहने. हे सारे त्याला आपल्यासारखेच दिसते, असे आपण धरून चालतो. गेल्या साठेक वर्षांच्या संशोधनाने हा समज पार बदलून टाकला आहे.

न बोलणाऱ्या तान्ह्या बाळाला काय दिसते, हे कळणार कसे? अमेरिकेतल्या रॉबर्ट फँट्झ यांनी १९५८ च्या सुमारास सोपी वाट शोधली: बाळासमोर दोन आकृत्या ठेवायच्या आणि ते कुठे जास्त वेळ बघते ते मोजायचे. पुढचे बरेचसे काम याच रीतीवर उभे राहिले. १९७१ मध्ये बॉल आणि ट्रॉनिक यांनी काही आठवड्यांच्या बाळांसमोर झपाट्याने मोठी होत जाणारी सावली आणली. बाळांनी डोके मागे घेतले, हात वर केले. ही स्वसंरक्षणाची धडपड होती का, यावर नंतर वाद झाले. पण हालचालीला बाळ दाद देते, हे दिसले.

१९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवरचे मोजके प्रकाशबिंदू दाखवले. तेवढ्यावरूनही मोठ्यांना माणूस ओळखता आला. १९८२ मध्ये फॉक्स आणि मॅकडॅनियल यांना चार महिन्यांची बाळे असेच बिंदू अधिक वेळ बघताना आढळली. पुढच्याच वर्षी केलमन आणि स्पेल्की यांनी दाखवले, की मधला भाग ठोकळ्याआड लपलेल्या काठीची दोन टोके एकत्र हलली, तर चार महिन्यांचे बाळ ती एकच काठी धरते. वस्तू वेगळी ओळखायला हालचालच मदत करते.

याची भारतातली साक्ष संशोधक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमाने दिली. जन्मजात अंधत्वावर उशिरा उपचार झालेल्यांना स्थिर चित्रातल्या एकमेकांवर आलेल्या आकृत्या सुट्या करता येत नव्हत्या. त्याच आकृत्या हलू लागल्या, की जमत असे. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र हालचाल टिपण्याची सुरुवात लवकर होत असली, तरी वाढ सावकाश होते. अनेक हालचालींच्या गोंधळातून एकूण दिशा टिपणे शाळकरी वयातही पक्के होत असते. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या जॉन वॉन व सहकाऱ्यांनी दाखवले, की सुमारे पाच सेकंदांच्या अंतरावरून ताशी ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी गाडी प्राथमिक शाळेतल्या मुलांना जवळ येते आहे असे जाणवेलच, याची खात्री नाही. वेगवान गाडी तेवढ्याच वेळात अधिक लांबून येते, म्हणून डोळ्यातली तिची प्रतिमा आधी फार हळू वाढते.

म्हणून मुलांच्या नजरेतले दोष वेळेत कळायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. अंगणवाडीत आणि शाळेत होणाऱ्या त्यातल्या तपासणीत जन्मजात मोतीबिंदूही शोधला जातो. बाळाच्या बाहुलीत पांढरेपणा दिसला, किंवा दोन-तीन महिन्यांचे बाळ हलणाऱ्या वस्तूमागे नजर फिरवत नसेल, तर थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि बुरोंडीसारख्या गावातून गाडी नेताना वेग आवरा. मूल आपल्याकडे बघते आहे, म्हणजे त्याला आपला वेग कळला, असे समजू नका.