गोदामाचा डॉक: लेव्हलर घेण्याआधी हे बघा

परवा आसनगावजवळच्या एका गोदामात ट्रक आणि डॉकमधल्या फटीवर नुसता लोखंडी पत्रा टाकून माल उतरवताना पाहिलं. हँड पॅलेट ट्रकचं चाक वर आलं की पत्रा सरकायचा. खाली फट, वर माणूस. ही फट सांधायला पत्र्याऐवजी डॉकला बसवलेला, वर-खाली होणारा पूल म्हणजे लेव्हलर. म्हणून ही पोस्ट.

जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. त्या निमित्ताने शहापूर-मुरबाडकडे नवं गोदाम बांधत असाल, तर हे आधी ठरवा.

🔹 उंची: डॉक साधारण ४ फुटांचा असतो. मोठ्या कंटेनरला तो जमतो, पिकअप मात्र बरीच खाली राहते. तुमच्याकडे येणाऱ्या गाड्यांची उंची रिकामी आणि भरलेली, दोन्ही मोजा. माल उतरला की गाडी वर उचलली जाते. लेव्हलरला तेवढा फरक झेपला पाहिजे.

🔹 क्षमता: २ टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन ३ टनांच्या पुढे असतं. माल धरून ५ टनांहून जास्त भार लेव्हलरवर येतो. फक्त मालाचं वजन सांगून ऑर्डर देऊ नका.

🔹 ठोकळे: फोर्कलिफ्टच्या प्रत्येक हिसक्याने गाडी थोडी थोडी पुढे सरकते. हँडब्रेकवर विसंबू नका. चाकांना रबरी ठोकळे लावा आणि काम संपेपर्यंत गाडीची चावी सुपरवायझरकडे ठेवा.

🔹 पाऊस: आपल्याकडच्या पावसात ओला डॉक म्हणजे घसरगुंडी. पुढे आलेलं छप्पर आणि खरबरीत पृष्ठभाग हवाच.

बजेट कमी असेल तर सुरुवात ठोकळ्यांपासून करा. खर्च सर्वांत कमी, आणि हमाल बांधवांचा जीव वाचतो.

तुमच्याकडे कुठल्या गाड्या येतात? कमेंटमध्ये लिहा, जमेल तेवढं सांगतो.