वर्दीवरचं नाव, खात्यातला फोटो

खुटबाव, केडगाव, यवत या पट्ट्यात पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुलं-मुली पुष्कळ आहेत. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट असल्यामुळे इथे वर्दीची ओढ जुनीच. या मुलांशी बोलताना एक प्रश्न निघतो: खात्यानं फोटो मागितला तर द्यावाच लागतो का, आणि दिल्यावर तो कुठेही लावायचा का?

ओळखपत्रासाठी द्यावाच लागतो, आणि ते योग्यही आहे. कोठडीतल्या मृत्यूंच्या तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली डी. के. बसू खटल्यात सांगितलं, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. हाच नियम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 मध्ये आहे. रात्री वस्तीत आलेला पोलीस कोण, हे कळणं हा आपला हक्क. तिथे ‘माझी खासगी बाब’ म्हणता येत नाही.

पण ओळखपत्रासाठी दिलेला फोटो जाहिरातीच्या फलकावर गेला, किंवा हजेरीच्या नावाखाली घरून सेल्फी मागून तो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, तर हेतूच बदलतो. महिला शिपायांना याचा त्रास जास्त. 2017 च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क मानला. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. ‘पोलिसाला कसले हक्क?’ असं कुणी म्हटलं तर संविधानाचं कलम 33 वाचायला सांगा. पोलिसांच्या हक्कांवर मर्यादा येते ती संसदेनं केलेल्या कायद्यानं, साहेबाच्या तोंडी हुकमानं नाही. 1966 चा पोलीस दलांचा कायदा संघटना आणि वृत्तपत्रांशी बोलणं यांवर बंधनं घालतो. फोटोबद्दल तो काही म्हणत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर मात्र फार विसंबू नका. नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात आहेच, वर कलम 17 मध्ये सरकारी यंत्रणांना सूट द्यायची वाटही आहे.

आता आपल्याला जास्त बोचणारी गोष्ट. फोटोपेक्षा आडनाव जास्त सांगून जातं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बीडमध्ये 2025 च्या मार्चमध्ये पोलीस अधीक्षक नवनीत कांवत यांनी पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त नावं ठेवली. जातीवरून आरोप आणि भेदभाव होऊ नये, हा उद्देश. आम्हाला हे पाऊल पटतं, पण बक्कल नंबर सोबत ठळक दिसला तरच. नुसता ‘राहुल’ वाचून तक्रार कुणाविरुद्ध करायची? जबाबदारीसाठी माणूस ओळखता आला पाहिजे, त्याची जात नव्हे.

भरती झालेल्यांनी एवढं करावं: फोटो कशासाठी हवा, तो कुठे जाणार, हे लेखी अर्जानं विचारावं आणि पोच ठेवावी. पोलिसांना आपली युनियन नाही, त्यामुळे अर्ज एकट्यानंच करावा लागतो. सेवेच्या तक्रारीत खात्याकडून न्याय मिळाला नाही तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, आणि तिथे ही पोचच कामी येते.