शक्तिमानचं मडगार्ड किलोवर विकू नका

नांदेड-लातूरकडं ग्रिल, ट्रॉलीचं बरंच काम किलोच्या रेटनं चालतं. पण एखादा हौशी माणूस लष्कराचा जुना शक्तिमान ट्रक घेऊन आला, तर तो रेट विसरा. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली ही गाडी. उत्पादन कधीच बंद झालं, त्यामुळं सडलेला पार्ट नवा घडवावा लागतो.

१.२ मिमी सीआर पत्रा चौरस मीटरला साधारण ९.४ किलो भरतो. समजा मडगार्डला सहा किलो लागला. किलोवर बिल केलं तर मजुरीसुद्धा निघणार नाही! खरा वेळ फर्म्यात जातो. एक बाजू सडली असेल तर चांगल्या बाजूवरून पुठ्ठ्याचा फर्मा काढा, उलटा करून वापरा. मात्र भोकं गाडीवरच मोजा, दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. बाहेरून ५० बाय ५० चा काटकोन हवा असेल तर पट्टी १०० नाही, साधारण ९८ मिमी कापायची. आधी तुकडा वाकवून बघा.

कोटेशनमध्ये फर्म्याची मजुरी वेगळी लिहा, अर्धे पैसे आगाऊ घ्या. अन् फर्मा कोणाकडं राहणार, तेही तेव्हाच बोलून घ्या. तुमच्याकडं राहिला तर त्यावर मॉडेल, बाजू, पत्र्याची जाडी लिहून भिंतीला टांगा.