वाडा चाचणी : अर्धा मेंदू निजवून घेतलेली परीक्षा

'वाडा चाचणी' म्हणताच देवासच्या मराठी श्रोत्याला चौसोपी वाडा आठवावा, हे स्वाभाविकच. परंतु हे नाव आहे जुन वाडा या जपानी वैद्याचे. अपस्मार औषधांना दाद देत नाही, तेव्हा झटक्यांचे उगमस्थानच शस्त्रक्रियेने काढता येते. पुष्कळदा ते कानशिलाच्या आत असते आणि भाषा व स्मृती यांची केंद्रे त्याच्या शेजारीच. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील असे भाग दोन्ही बाजूंनी काढले गेले. झटके कमी झाले. मात्र नवे काही लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली.

वाडा यांनी आपली पद्धत १९४९ मध्ये मांडली ती भाषेची बाजू ओळखण्यासाठी. स्मृतीची परीक्षा तिला पुढे माँट्रियल येथे ब्रेंडा मिल्नर यांनी जोडली. जांघेतील रोहिणीतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊन सोडियम अॅमोबार्बिटाल सोडतात. त्या बाजूचा अर्धा मेंदू काही मिनिटे निजतो. विरुद्ध बाजूचा वर धरलेला हात खाली पडतो. तेवढ्या अवधीत रुग्णाला वस्तू दाखवून नावे विचारायची आणि गुंगी उतरल्यावर त्यांतले काय आठवते ते पाहायचे.

या परीक्षेविषयी मला आदर आहे. तिच्या निकालावर डोळे मिटून विसंबणे मात्र मान्य नाही. स्मृतीचे केंद्र जो हिप्पोकॅम्पस, त्याच्या मागील भागाला रक्त बहुधा दुसऱ्याच रोहिणीतून मिळते. तेथे औषध पोचतेच असे नाही. रुग्ण नुसता पेंगला, तरी 'नापास' ठरू शकतो. अशा नापासांपैकी काहींची स्मृती शस्त्रक्रियेनंतर शाबूत राहिली आहे. शिवाय नळी घालण्यात पक्षाघाताचा अल्पसा धोका असतोच.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. घरात मराठी, बाजारात माळवी, शाळेत हिंदी. मग प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचे? माझे मत असे की, त्या मोजक्या मिनिटांत मातृभाषा आणि रोजच्या वापरातील भाषा, दोन्ही तपासाव्यात. कुमार गंधर्वांच्या या गावात हेही सांगितले पाहिजे की, १९७४ मध्ये गॉर्डन व बोगेन यांना उजवा गोलार्ध निजल्यावर बोलणे बरेचसे टिकलेले, पण गाणे बिघडलेले आढळले. गवयाची परीक्षा केवळ शब्दांवर कशी घ्यावी?

अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१७ मध्ये भाषेची बाजू ठरविण्यासाठी, काही मर्यादा घालून, वाडा चाचणीऐवजी फंक्शनल एम.आर.आय.चा पर्याय मान्य केला. त्यात नळी नाही, औषध नाही. पण तो मेंदूचा कोणता भाग कामात गुंतला आहे एवढे दाखवतो. तो भाग नसेल तर काय होईल, हे दाखवत नाही. म्हणून चित्र संदिग्ध असेल, तेथे वाडा चाचणी अद्याप करावी लागते.