आयएसएल म्हणजे आयपीएल नव्हे

दोडामार्गच्या बाजारात फुटबॉलचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "आयएसएलचे मालक काय, पैसे छापतत!" म्हापशाला कामाला जाणारी मुलं ते बोलतात, त्यांचे वडील बोलतात, एफसी गोवाची जर्सी घालून फातोर्ड्याला सामने बघून आलेलेही बोलतात. २०२५ मध्ये ही इंडियन सुपर लीगच बंद पडायची पाळी आली, तरी वाक्य बदललं नाही. उलट त्याला शेपूट फुटलं: "एवढो पैसो मिळवून खेळाडूंचो पगार थांबवलो." राग येतो तो इथे. पहिलं वाक्य खरं असतं तर दुसऱ्याची वेळच आली नसती.

या समजाचं मूळ आयपीएलमध्ये आहे. नावं सारखी, सिनेतारे सारखे, लिलावाच्या बातम्या सारख्या. पण पैशाचा प्रवाह नेमका उलटा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये आले आणि त्यातला मोठा वाटा संघांना मिळतो. म्हणजे एकही तिकीट विकलं जाण्याआधी आयपीएलच्या मालकाच्या खात्यात पैसे आलेले असतात. आयएसएलमध्ये बहुतेक क्लबच लीगला दरवर्षी फ्रँचायझी शुल्क देत आले, तेही दहा कोटींच्या वर. खेळाडू, प्रशिक्षक, विमानप्रवास, सरावाचं मैदान हा खर्च त्यावर आणखी.

तिकिटांतून तरी निघत असेल, असं कोणी म्हणेल. हिशेब करून बघा. फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम सरकारी आहे, क्लबचं नाही. तिथे सुमारे १९ हजार प्रेक्षक बसतात. प्रत्येक सामना खचाखच भरला आणि सरसकट तीनशे रुपयांचं तिकीट धरलं, तर एका सामन्याचे ५७ लाख होतात. २०२४-२५ च्या साखळीत तेरा संघ होते, म्हणजे घरचे सामने बारा. वर्षभराचे झाले ६ कोटी ८४ लाख, तेही एकही खुर्ची रिकामी न राहता. आणि काही हंगाम नुसत्या खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादाच साडेसोळा कोटींची होती. तिकिटांतून अर्धा पगारही सुटत नाही. उरलेलं प्रायोजकांकडून थोडं येतं आणि बाकीचं मालक पदरचं घालतो.

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? एका करारावर. ९ डिसेंबर २०१० रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले सगळे व्यावसायिक हक्क आयएमजी-रिलायन्सला पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना दिले. त्यातूनच २०१४ मध्ये आठ संघांची आयएसएल उभी राहिली. ती चालवायची ती एफएसडीएल नावाची कंपनी. महासंघाला वर्षाची ठरलेली रक्कम मिळायची, लीगचा भार कंपनी उचलायची आणि आपापल्या संघाचा तोटा मालक सोसायचे. क्लबांची या कंपनीत भागीदारी नव्हती. कराराची मुदत संपत होती ८ डिसेंबर २०२५ ला. नूतनीकरणाच्या वाटाघाटी महासंघाच्या घटनेवरच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यात अडकल्या आणि जुलै २०२५ मध्ये कंपनीने क्लबांना कळवलं की पुढचा हंगाम तूर्त थांबवत आहोत. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार स्थगित केले.

पैसे छापणारं यंत्र असतं तर ते घ्यायला रांग लागली असती. महासंघाने ऑक्टोबरमध्ये पुढच्या पंधरा वर्षांच्या हक्कांसाठी निविदा काढली. अट होती वर्षाला किमान साडेसदतीस कोटी किंवा एकूण उत्पन्नाचे पाच टक्के, जे जास्त असेल ते. ७ नोव्हेंबरला मुदत संपली, तेव्हा आलेल्या बोली होत्या शून्य. देशातली एकही कंपनी पुढे आली नाही. माझ्या मते या एका शून्यातच बाजारातल्या त्या वाक्याचा निकाल लागतो.

ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोलविरुद्ध २४ डिसेंबरला एफसी गोवाचा फातोर्ड्यावर आशियाई सामना होता. शिट्टी वाजली आणि गोव्याचे खेळाडू काही सेकंद जागेवर नुसते उभे राहिले. खेळलेच नाहीत. भारतीय फुटबॉलची जी अवस्था झाली होती, तिचा तो निषेध होता. याच क्लबने त्याच महिन्यात, त्याच मैदानावर सुपर कप जिंकला होता. जिंकणाऱ्या संघालाही आपली लीग कधी सुरू होणार हे ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी मुंबई सिटीची बातमी आली. "परदेशी क्लब आला की काळजी मिटली" हा दुसरा गैरसमज तिने निकालात काढला. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेतले होते. त्यांच्या काळात संघाने दोनदा आयएसएल कप जिंकला. तरी लीगचं भवितव्य अनिश्चित दिसताच त्यांनी आपला हिस्सा मूळ मालकांना देऊन काढता पाय घेतला. पुढे ६ जानेवारी २०२६ ला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीपासून चौदा क्लबांची लीग होईल, सामने ९१. म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ.

खेळावरच्या मायेने आणि इभ्रतीसाठी खिशातून पैसे घालणारे मालक आपल्या भागाला नवीन नाहीत. साळगावकर, धेंपे ही खाण उद्योगातली घराणी. या कुटुंबांनी दशकानुदशकं क्लब पोसले, नफ्याची अपेक्षा न ठेवता. धेंपे क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कळण्याची खाण पाहिलेल्या तालुक्याला खनिजाचा पैसा कसा येतो आणि कसा आटतो हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपे आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. कारण सांगितलं ते महासंघाच्या नव्या आराखड्याचं: त्यात त्यांची लीग दुय्यम ठरणार होती आणि वर जायला वाट नव्हती. महाराष्ट्रात महिंद्र युनायटेड राष्ट्रीय विजेतेपदानंतर चारच वर्षांनी, २०१० मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. तो २०२२ मध्ये फातोर्ड्यावरच विजेता ठरला, नंतर आर्थिक अडचणीत सापडला आणि २०२५ मध्ये दिल्लीला हलला.

"हे फक्त आपल्याकडेच होतं" असंही ऐकू येतं. नाही. अमेरिकेची मेजर लीग १९९६ ला सुरू झाली आणि २००२ च्या सुरुवातीला तिने दोन संघ बंद केले. एक काळ असा होता की दहापैकी सहा संघ एकाच मालकाचे होते. कॅनडाची प्रीमियर लीग २०१९ मध्ये सात संघांनिशी सुरू झाली, तिथेही एडमंटनचा संघ गेला, विनिपेगचा गेला. कॅनडाच्या महासंघानेही आपले हक्क ठरावीक वार्षिक रकमेवर दीर्घ मुदतीने एका कंपनीला दिले. पैशांवरून राष्ट्रीय संघाचे खेळाडू इतके चिडले की जून २०२२ मध्ये पनामाविरुद्धचा सामना त्यांनी खेळलाच नाही. फरक एवढाच की तिथल्या कंपनीचे मालक म्हणजे लीगच्या क्लबांचेच मालक. लीग वाढली तर लाभ त्यांच्या घरात येतो, बुडाली तर झळही त्यांनाच. आपल्या क्लबांनी हीच भागीदारी मागितली आहे आणि ती मागणी रास्त आहे.

बाकीचे समज थोडक्यात. "एफसी गोवा विराटचा": विराट कोहली २०१४ पासून सहमालक आहे, पण क्लबची धुरा जयदेव मोदी आणि अक्षय टंडन यांच्याकडे. "जुन्या क्लबांना आयएसएलचं दार कायमचं बंद": २०१६ मध्ये तसंच होतं, आता नाही. आय-लीग जिंकून पंजाब एफसी आणि मग मोहम्मेडन वर आले. २०२५ मध्ये चर्चिल ब्रदर्सला तर विजेते म्हणून घोषितही केलं होतं, पण लोझानच्या क्रीडा लवादाने जुलैमध्ये ते विजेतेपद इंटर काशीला दिलं. "गोव्याला फुटबॉल आयएसएलने दिला": साळगावकर क्लब १९५६ चा आहे.

शेवटचा समज मुलांच्या आयुष्याशी खेळतो, म्हणून तो सर्वांत घातक: "एकदा आयएसएलात गेलो काय झील सुटलो." २०२५ मध्ये तिथे पोचलेल्यांनाही महिनोन्‌महिने लीगच नव्हती. मुलाला अकादमीत घालण्याआधी महासंघाने तिला मान्यता दिली आहे का, किती तारे दिले आहेत, हे विचारा. शाळा सोडायला लावणाऱ्या अकादमीकडे पाठ फिरवा. करार झालाच, तर फिफाचा एक नियम घरात सगळ्यांना माहीत असू द्या: क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर त्याला करार मोडता येतो.